ज्वलनशील वायूंची गळती आणि धातू ऑक्साइडांचे नॅनोसंवेदक
(व्याख्यानाचा मजकूर)



१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावच्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. इमारतीखालच्या पोकळीत वायू साठत गेला होता. परंतु त्याला वास नसल्याने वर वर्गात बसलेल्या कोणालाही त्याची चाहूल लागली नाही. या दुर्घटनेनंतर ज्वलनशील वायूत मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळणे बंधनकारक करणारे कायदे झाले. आज घरगुती सिलिंडरमधील वायूला जो कुजक्या कोबीसारखा वास येतो, तो एथिल मरकॅप्टन या मिसळलेल्या द्रव्याचा असतो. मूळ प्रोपेन व ब्यूटेन हे वायू गंधहीनच आहेत.

याचाच अर्थ असा की, वायुगळती ओळखण्याचे जगातील सर्वाधिक वापरले जाणारे साधन आजही मानवी नाक हेच आहे. हे साधन विनामूल्य व विलक्षण तीक्ष्ण असले, तरी त्याच्या मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. झोपेत माणसाला वासाने जाग येईलच असे नाही. एकच वास सतत येत राहिला, तर काही मिनिटांत नाक त्याला सरावते. वाढत्या वयात घ्राणशक्ती क्षीण होते. २०२०-२१ या काळात कोविडच्या साथीत असंख्य रुग्णांची गंधसंवेदना काही काळ नाहीशी झाली होती. जमिनीखालील वाहिनीतून वायू झिरपला, तर त्यातील मरकॅप्टन मातीतच शोषले जाऊ शकते आणि वर येणारा वायू पुन्हा गंधहीन होतो. आणि बंद घरात कोणी नसेल, तर नाकाचा प्रश्नच उद्भवत नाही. नाकाची जागा घेणारा, अहोरात्र जागा राहणारा आणि सर्वसामान्यांना परवडणारा संवेदक कसा असावा, या प्रश्नाच्या उत्तरातूनच धातूंच्या ऑक्साइडांपासून बनविलेल्या नॅनोपदार्थांचे संशोधन विकसित झाले आहे.

इशारा केव्हा मिळाला पाहिजे?

कोणताही ज्वलनशील वायू हवेत मिसळला की लगेच पेटतो असे नाही. हवेतील त्याचे प्रमाण एका किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर ज्योत पसरत नाही आणि कमाल मर्यादेपेक्षा अधिक असेल तर ज्वलनासाठी प्राणवायू अपुरा पडतो. या दोन टोकांना अनुक्रमे किमान व कमाल ज्वलनमर्यादा असे म्हणतात. मिथेनच्या बाबतीत या मर्यादा सुमारे ५ टक्के व १५ टक्के, हायड्रोजनच्या बाबतीत ४ टक्के व ७५ टक्के, तर एलपीजीच्या बाबतीत साधारणतः २ टक्के व ९.५ टक्के अशा आहेत.

एलपीजीची किमान मर्यादा किती खाली आहे, हे एका सोप्या हिशेबाने स्पष्ट होते. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ३ मीटर असलेल्या स्वयंपाकघरात २७ घनमीटर हवा असते. तिच्या २ टक्के म्हणजे सुमारे अर्धा घनमीटर वायू. एलपीजीच्या घनमीटरभर वायूचे वजन सव्वादोन किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सव्वा किलोग्रॅम वायू खोलीत पसरला, तरी संपूर्ण खोली धोक्याच्या उंबरठ्यावर येते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम वायू असतो. शिवाय एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत साठतो. त्यामुळे तेथील हवा पेटण्यास याहूनही कमी वायू पुरेसा ठरतो. म्हणूनच एलपीजीचा संवेदक जमिनीपासून थोड्याच उंचीवर, तर हलक्या मिथेनचा किंवा हायड्रोजनचा संवेदक छताजवळ बसवावा लागतो.

संवेदकाने किमान मर्यादा गाठली जाण्यापूर्वी, तिच्या दहा ते पंचवीस टक्के प्रमाणातच इशारा द्यावा अशी अपेक्षा असते. भारतातील कोळसा खाणींच्या नियमांत हवेतील मिथेन सव्वा टक्क्यावर पोहोचताच कामगारांना तेथून बाहेर काढण्याची तरतूद आहे. हा आकडा मिथेनच्या किमान मर्यादेच्या बरोबर एक-चतुर्थांश आहे. एलपीजीच्या बाबतीत दहा टक्क्यांचा निकष लावला, तर हवेच्या दर दहा लाख भागांत वायूचे सुमारे २,००० भाग असतानाच धोक्याची घंटा वाजली पाहिजे.

असा इशारा वेळेवर न मिळाल्याची किंमत देशाने अनेकदा मोजली आहे. २८ मे १९६५ रोजी तत्कालीन बिहारमधील ढोरी कोळसा खाणीत झालेल्या स्फोटात अडीचशेहून अधिक कामगारांचा बळी गेला. १४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणम येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात गळती झालेल्या एलपीजीचा ढग पेटून सुमारे ६० जण मरण पावले. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे नैसर्गिक वायूच्या वाहिनीतून गळती होऊन लागलेल्या आगीत वीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला.

शोधाची वाटचाल

वायूचा स्पर्श होताच अर्धसंवाहकाच्या पृष्ठभागाचे विद्युत् गुणधर्म बदलतात, हे १९५३ मध्ये वॉल्टर ब्रॅटन व जॉन बार्डीन यांनी जर्मेनियमवरील प्रयोगांतून दाखवून दिले. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल पुढे १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हेच ते शास्त्रज्ञ होत. या तत्त्वाचा वायू ओळखण्यासाठी प्रत्यक्ष उपयोग जपानमध्ये झाला. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्यावरून वायू सोडला असता त्याची विद्युत्-वाहकता बदलते, हे सिद्ध केले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडवर आधारित संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६८ पासून असे संवेदक बाजारात उपलब्ध झाले. जपानमधील घराघरांत बसलेल्या वायुसूचक यंत्रांचा पाया याच संशोधनाने घातला. सहा दशकांनंतरही कथील ऑक्साइड हाच या क्षेत्रातील सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ आहे. त्याच्या जोडीला जस्त, टंगस्टन, लोह, तांबे, निकेल व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांचाही अभ्यास होत आहे.

कार्यपद्धती

कथील ऑक्साइड व जस्त ऑक्साइड हे ऋण प्रकारचे अर्धसंवाहक आहेत; म्हणजेच त्यांच्यातील विद्युत्-वहन मुख्यतः इलेक्ट्रॉनांमार्फत होते. असा पदार्थ २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ठेवला, की हवेतील प्राणवायूचे रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. चिकटताना प्राणवायू पदार्थातील इलेक्ट्रॉन खेचून घेतो व स्वतः ऋणभारित होतो. परिणामी पृष्ठभागालगतच्या थरात इलेक्ट्रॉनांचा तुटवडा निर्माण होतो. दोन कण जेथे एकमेकांना टेकतात, तेथे या तुटवड्यामुळे विद्युत्-प्रवाहाच्या मार्गात जणू एक बांध उभा राहतो आणि पदार्थाचा रोध वाढतो.

आता या पृष्ठभागावर एलपीजी, मिथेन किंवा हायड्रोजन आला, तर तेथील प्राणवायूशी त्याची अभिक्रिया होऊन पाण्याची वाफ तयार होते; वायूत कार्बन असल्यास कार्बन डाय-ऑक्साइडही तयार होतो. प्राणवायूने अडवून धरलेले इलेक्ट्रॉन या अभिक्रियेत मोकळे होऊन पदार्थात परततात, बांध खाली येतो आणि रोध झपाट्याने घटतो. ही घट मोजणे अतिशय सोपे असते. शुद्ध हवेतील रोधाला वायूच्या उपस्थितीतील रोधाने भागले असता जी संख्या मिळते, तिला संवेदनशीलता म्हणतात. उदाहरणार्थ, हवेत १०० किलोओहम असलेला रोध वायूमुळे १० किलोओहम झाला, तर संवेदनशीलता १० होय. तांबे, निकेल किंवा कोबाल्ट यांची ऑक्साइडे धन प्रकारची असतात. त्यांच्यात हाच क्रम उलटा होतो आणि ज्वलनशील वायू आल्यावर रोध वाढतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्वलनशील वायूची प्राणवायूशी अभिक्रिया, ही जी क्रिया मोठ्या प्रमाणावर झाली असता स्फोट होतो, तीच संवेदकाच्या पृष्ठभागावर अत्यल्प प्रमाणात व नियंत्रित स्वरूपात घडत असते.

नॅनो आकाराचे महत्त्व

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. पदार्थाचे कण या मापात आणण्याचे दोन स्वतंत्र लाभ आहेत. पहिला लाभ पृष्ठभागाचा. १ सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ केवळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर पदार्थ तेवढाच राहूनही एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. संवेदनाची सर्व क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने या वाढीचे मोल सहज लक्षात येते.

दुसरा लाभ अधिक मूलगामी आहे. प्राणवायूमुळे इलेक्ट्रॉनांचा तुटवडा निर्माण होणारा थर कथील ऑक्साइडमध्ये सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. कण १०० नॅनोमीटरचा असेल, तर त्याचे केवळ कवच वायूला प्रतिसाद देते आणि आतला मोठा गाभा अलिप्त राहतो. कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आला, की दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना भिडतात आणि संपूर्ण कणच प्रतिसाद देऊ लागतो. कणांचा आकार या मर्यादेपर्यंत घटविल्यास संवेदनशीलता एकाएकी वाढते, हे क्यूशू विद्यापीठातील नोबोरू यामाझोए यांच्या गटाने १९९१ मध्ये प्रयोगाने दाखविले. नॅनोतारा, नॅनोनलिका, पोकळ गोल व फुलासारख्या रचना तयार करण्यामागेही हेच सूत्र आहे. वायूला आत शिरण्यास वाट मिळावी आणि पदार्थाचा शक्य तेवढा भाग पृष्ठभागाजवळ असावा, हा या सर्व रचनांचा हेतू होय.

केवळ आकार पुरेसा नसतो. पॅलेडियम वा प्लॅटिनम यांचे अत्यल्प कण ऑक्साइडवर विखुरल्यास ते उत्प्रेरकाचे काम करतात. वायूच्या रेणूंचे विघटन ते सुलभ करतात आणि तयार झालेले क्रियाशील घटक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर पसरतात. त्यामुळे कमी तापमानाला जलद प्रतिसाद मिळतो. तापमानाचीही एक योग्य मर्यादा असते. ते फार कमी असेल तर अभिक्रिया मंदावते आणि फार अधिक असेल तर अधिशोषित प्राणवायू पृष्ठभाग सोडून जातो. प्रत्येक वायूसाठी ही मर्यादा थोडी वेगळी असल्याने वायू ओळखण्यासाठीही तिचा उपयोग करून घेता येतो.

प्रयोगशाळेतून स्वयंपाकघराकडे

शोधनिबंधांतून संवेदनशीलतेचे मोठमोठे आकडे दिसत असले, तरी संवेदकाची खरी परीक्षा प्रत्यक्ष वापरात होते. तेथे चार अडचणी प्रामुख्याने उभ्या राहतात.

पहिली अडचण निवडक्षमतेची. ऑक्साइडचा पृष्ठभाग सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या बहुतेक वायूंना प्रतिसाद देतो. फोडणीचा धूर, उदबत्ती किंवा हात निर्जंतुक करण्याच्या द्रवातील अल्कोहोल यांनीही घंटा वाजू शकते. दोन-चार वेळा खोटा इशारा मिळाला, की घरातील माणसे यंत्राची जोडणी काढून ठेवतात आणि चौथ्या-पाचव्या वेळी खरी गळती झाली तर यंत्र असूनही नसल्यासारखे होते. यावर उपाय म्हणून संवेदकापुढे सक्रिय कोळशाची गाळणी बसविली जाते. वेगवेगळ्या ऑक्साइडांचे अनेक संवेदक एकत्र बसवून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून संगणकीय पद्धतीने वायू ओळखण्याचाही मार्ग अवलंबिला जातो.

दुसरी अडचण आर्द्रतेची. पाण्याची वाफ पृष्ठभागावरील प्राणवायूची जागा अडविते व रोध बदलते. कोरड्या हवेत ठरविलेली इशाऱ्याची पातळी कोकणातील किंवा केरळातील पावसाळ्यात तशीच लागू पडत नाही.

तिसरी अडचण टिकाऊपणाची. ज्या सूक्ष्म आकारामुळे संवेदनशीलता वाढते, तोच आकार अस्थिरतेचे कारण ठरतो. सतत तीनशे-चारशे अंशांना तापलेले नॅनोकण हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि संवेदक मंद होत जातो. सिलिकोनयुक्त पदार्थांच्या वाफेमुळेही पृष्ठभाग कायमचा निकामी होऊ शकतो. बाहेरून मात्र यंत्रात कोणताही फरक दिसत नाही. त्याचा दिवा लुकलुकतच राहतो.

चौथी अडचण विजेची. संवेदक तापता ठेवण्यासाठी जुन्या प्रकारच्या रचनेत जवळजवळ एक वॉट वीज सतत लागते. वीजपुरवठा खंडित झाला की पहारा थांबतो. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म तापपट्टीमुळे ही गरज काही दशांश वॉटांच्याही खाली आली असून, बॅटरीवर चालणारे संवेदक शक्य झाले आहेत. जंबुपार किरणांच्या साह्याने जस्त ऑक्साइडचा संवेदक खोलीच्या तापमानाला चालविण्याचे प्रयोगही झाले आहेत.

भारतातील संशोधन

केंद्र सरकारने २००१ मध्ये नॅनोविज्ञान व तंत्रज्ञान उपक्रम सुरू केला आणि २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह ‘नॅनो मिशन’ हाती घेतले. त्यातून देशभरातील विद्यापीठांत या विषयाच्या प्रयोगशाळांना बळ मिळाले. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तापलेल्या काचेवर द्रावणाची फवारणी करून किंवा रासायनिक द्रावणात बुडवून ऑक्साइडांचे पातळ थर बनविण्याची परंपरा जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथील प्रताप महाविद्यालयातही जाड थरांच्या वायुसंवेदकांवर संशोधन झाले आहे. महागड्या निर्वात यंत्रणेवाचून चालणाऱ्या या पद्धती मोठ्या शहरांबाहेरील प्रयोगशाळांनाही परवडतात, हे त्यांचे विशेष महत्त्व होय.

कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातील उदाहरणही उद्बोधक आहे. द्रुत प्रजनक अणुभट्टीत उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप सोडियम वापरतात. वाफ निर्माण करणाऱ्या यंत्रणेतील नळीला सूक्ष्म भेग पडून पाणी सोडियमला मिळाले, तर हायड्रोजन निर्माण होतो. सोडियमवरील आरगॉन वायूच्या आवरणातील या हायड्रोजनचा अंश टिपण्यासाठी तेथे कथील ऑक्साइडच्या पातळ थरावर आधारित संवेदक विकसित करण्यात आले.

वाढती गरज

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी जोडण्या देण्यात आल्या. २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. चुलीच्या धुरापासून कोट्यवधी महिलांची सुटका करणारे हे पाऊल आहे. मात्र एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास व झोप असणाऱ्या घरात सिलिंडर पोहोचला, की सुरक्षिततेची जबाबदारीही त्याच्या मागोमाग तेथे पोहोचते.

दुसरे आव्हान हायड्रोजनचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा उजेडी जवळजवळ दिसत नाही. तो पेटण्यासाठी लागणारी ऊर्जा मिथेनच्या तुलनेत दहापटीहून कमी असते. त्यात मरकॅप्टन मिसळणेही सोयीचे नाही, कारण गंधक इंधनघटातील उत्प्रेरकाला निकामी करते. हायड्रोकार्बन वायूंसाठी वापरले जाणारे अवरक्त किरणांचे संवेदक हायड्रोजन ओळखू शकत नाहीत. येथे नाकाचा आधार पूर्णतः संपतो; म्हणूनच पॅलेडियमयुक्त ऑक्साइड संवेदकांकडे संशोधक मोठ्या अपेक्षेने पाहत आहेत.

समारोप

नॅनोपदार्थांनी संवेदनशीलतेचा प्रश्न बव्हंशी सोडविला आहे. एलपीजीच्या इशाऱ्यासाठी आवश्यक असलेली दहा लाखांत २,००० भाग ही पातळी आजच्या संवेदकांना मुळीच अवघड नाही. उरलेला प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. पाच पावसाळे पाहिलेला, फोडणीच्या धुराला न फसणारा आणि निकामी झाल्यास तसे स्वतःच कळविणारा संवेदक घडविणे, हे पदार्थविज्ञानाचे पुढील कार्य होय. त्याला मानकांची, ठराविक कालावधीने होणाऱ्या तपासणीची आणि वापरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जोड मिळाली पाहिजे. जपानमध्ये घरगुती वायुसूचक यंत्र पाच वर्षांनी बदलण्याची पद्धत रूढ आहे, ती याच जाणिवेतून.

संवेदक हा रेग्युलेटर व रबरी नळीच्या नियमित तपासणीला किंवा हवा खेळती ठेवण्याच्या सवयीला पर्याय नव्हे. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता, ज्योत न पेटविता रेग्युलेटर बंद करणे व दारे-खिडक्या उघडणे, हा नियम संवेदक असलेल्या व नसलेल्या प्रत्येक घराला लागू आहे. धातूच्या ऑक्साइडचा तो नखाएवढा तुकडा माणसाला काही मिनिटांची सवड मिळवून देतो. त्या मिनिटांत काय करायचे, हे मात्र घरातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.